आर्केटाचं मैलापाणी: अठरा हजार वस्तीच्या गावानं बांधलेली पाणथळ, तिचा हिशोब आणि आपल्यासाठी त्यातलं काय

कन्स्ट्रक्टेड वेटलँड, म्हणजे मुद्दाम बांधलेली पाणथळ, हा विषय आपल्याकडे निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक गट म्हणतो वीज नको, मशीन नको, नाल्यात झाडं लावा आणि पाणी आपोआप साफ होतं बघा. दुसरा म्हणतो हे सगळं फोटोपुरतं, खरं काम एसटीपी, म्हणजे मशीनवर चालणारा मैलापाणी शुद्धीकरणाचा प्लांटच करतो. मला दोघांनाही एकच केस नीट वाचायला द्यावीशी वाटते, ती म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या आर्केटा गावाची, कारण तिथं ही गोष्ट १९८६ पासून पूर्ण गावाच्या मैलापाण्यावर चालू आहे आणि तिचा इतिहास, आकडे, अडचणी सगळं उघड आहे. आणि ती नीट वाचली की कळतं की दोन्ही गट अर्धवट बोलतायत.

आधी गाव समजून घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साधारण साडेचारशे किलोमीटरवर हम्बोल्ट काउंटी आहे, तिथं समुद्राला लागून हम्बोल्ट बे नावाची खाडी आहे आणि तिच्या उत्तरेकडच्या काठावर हे आर्केटा. लोकसंख्या १८ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबानं नगरपंचायत. आजूबाजूला रेडवूडची जंगलं, त्यामुळे एकेकाळी लाकूड गिरण्यांवर चालणारं गाव, आणि गावातच विद्यापीठ, पूर्वी हम्बोल्ट स्टेट, २०२२ पासून कॅल पॉली हम्बोल्ट. गावाच्या मालकीचं स्वतःचं जंगलसुद्धा आहे, १९५५ साली जाहीर झालेलं, कॅलिफोर्नियातलं पहिलं नगरपालिकेचं जंगल म्हणतात त्याला. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपली जमीन, आपलं पाणी आपणच सांभाळायचं ही सवय त्या गावाला पाणथळीच्या आधीपासूनची होती.

खाडी उथळ आहे, ओहोटी लागली की लांबच्या लांब चिखल उघडा पडतो. आणि त्याच खाडीत कालवांची शेती होते, तीही थोडीथोडकी नाही, कॅलिफोर्नियात होणाऱ्या कालवांचा मोठा हिस्सा याच खाडीतून येतो. आता कालव हा प्राणी पाणी गाळून खातो, म्हणजे पाण्यातले जंतूही त्याच्या पोटात जातात, आणि माणसं तो बऱ्याचदा कच्चा खातात. त्यामुळे खाडीत कोणाचं मैलापाणी कुठल्या दर्जाचं येतंय हा तिथं थेट धंद्याचा आणि तब्येतीचा प्रश्न आहे. कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

आर्केटाचं मैलापाणी आधी तसंच खाडीत जायचं. १९४९ मध्ये प्रायमरी ट्रीटमेंटचा प्लांट झाला, म्हणजे जड घाण खाली बसवायची आणि वरचं पाणी सोडायचं. १९५७ मध्ये ५५ एकरांचे ऑक्सिडेशन पाँड, म्हणजे मैलापाणी उन्हात साठवून मुरवायचे उथळ तलाव खणले, खाडीला बांध घालून. १९६६ पासून क्लोरीन द्यायला सुरुवात झाली. त्या काळच्या मानानं बरं चाललेलं. मग १९७२ मध्ये अमेरिकेत क्लीन वॉटर अ‍ॅक्ट आला आणि १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य पाणी बोर्डानं खाड्यांसाठी धोरण काढलं की बंदिस्त खाडीत आणि नदीमुखात सांडपाणी सोडायचं नाही, सगळं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं. त्यात एक अपवाद ठेवलेला: तुमच्या पाण्यामुळे खाडीचं काही भलं होतंय, न सोडलं असतं तर जे झालं नसतं ते होतंय, असं सिद्ध केलंत तर परवानगी मिळेल.

सगळ्यांनी हा अपवाद वाचून सोडून दिला. मैलापाण्यानं खाडीचं भलं, असं कोण सिद्ध करणार? म्हणून खाडीकाठच्या गावांनी मिळून एक प्राधिकरण केलं आणि एक मोठी प्रादेशिक योजना आखली. सगळ्या गावांचं मैलापाणी मोठ्या पाइपांनी गोळा करायचं, पाइप खाडीच्या खालून न्यायचे, पलीकडे समुद्राच्या बाजूला एक मोठा प्लांट बांधायचा आणि साफ केलेलं पाणी लांब समुद्रात सोडायचं. खर्च ५ कोटी डॉलरच्या वर, त्या काळचे डॉलर. वीज भरपूर लागणार, पंपिंग कायमचं. शिवाय तो सगळा पट्टा भूकंपाचा. आणि गावांच्या मधल्या मोकळ्या शेतजमिनीतून ड्रेनेजची मेन लाइन गेली की तिथं प्लॉटिंग सुरू होणार ही भीती वेगळीच. आपल्याकडे रिंगरोड झाला की काय होतं ते आपण बघतोच.

आर्केटानं या योजनेला विरोध केला. पण विरोध करून घरी बसले नाहीत हे महत्त्वाचं. १९७७ मध्ये नगरपालिकेनं एक टास्क फोर्स नेमला की पर्याय काय ते तुम्ही सांगा. त्यात मुख्य माणसं बघा: विद्यापीठातले मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज अ‍ॅलन, पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट गिअरहार्ट, नगरपालिकेचे सार्वजनिक बांधकामाचे प्रमुख फ्रँक क्लॉप, आणि नगरसेवक डॅन हाउझर, जे पुढे महापौर आणि नंतर राज्याच्या विधानसभेत आमदार झाले. म्हणजे माशांचं कळणारा एक, इंजिनिअरिंग कळणारा एक, ज्याला उद्या प्लांट चालवायचाय तो एक आणि ज्याला लोकांकडे मत मागायचंय तो एक. माझ्या मते या केसमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही टीम आहे, झाडं नंतर येतात.

अ‍ॅलन यांचं काम तर आधीपासून चालू होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून ते ऑक्सिडेशन पाँडमधून बाहेर पडणारं पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळून त्यात सामन आणि ट्राउट माशांची पिल्लं वाढवत होते. साफ केलेल्या मैलापाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस असतं, त्यावर शेवाळ आणि बारीक जीव वाढतात, त्यावर मासे वाढतात. म्हणजे ज्याला बाकीचे प्रदूषण म्हणत होते त्यातून मासे वाढवून दाखवणारा माणूस गावातच होता, त्यामुळे खाडीचं भलं होऊ शकतं या म्हणण्याला काहीतरी बूड होतं.

टास्क फोर्सनं सुचवलं ते असं: आहे तो प्लांट आणि ऑक्सिडेशन पाँड ठेवायचे, सुधारायचे, आणि त्यांच्यापुढं पाणथळी बांधायच्या. राज्य बोर्डानं आधी मान्य केलं नाही. गाव मागं हटलं नाही, वरच्या पातळीवर दाद मागत राहिलं, आणि शेवटी बोर्डानं सांगितलं की प्रयोग करून दाखवा. १९७९ पासून १९८२ पर्यंत गिअरहार्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लांबुळक्या छोट्या वाफ्यांमध्ये, खऱ्या मैलापाण्यावर प्रयोग केले. कुठल्या वाफ्यात पाणी किती खोल, किती दिवस, कुठली झाडं, कुठं झाडंच नाहीत, आणि आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या पाण्याचे नमुने सतत. तीन-तीन हिवाळे आणि उन्हाळे. त्या आकड्यांवर १९८३ मध्ये परवानगी मिळाली आणि १९८६ मध्ये पूर्ण व्यवस्था सुरू झाली. खर्च प्रादेशिक योजनेच्या तुलनेत कितीतरी कमी. १९८७ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि हार्वर्डच्या केनेडी स्कूलचा नगर प्रशासनातल्या नव्या कल्पनांसाठीचा पुरस्कार गावाला मिळाला, १ लाख डॉलरचा.

जागा कुठली निवडली तेही बघा. गावाच्या आणि खाडीच्या मधला पट्टा, जो मुळात भरतीच्या पाण्याची दलदल होता, एकोणिसाव्या शतकात बांध घालून आपल्या खाजणासारखा कोरडा केलेला, मग लाकूड गिरण्यांनी ओंडके बुडवून ठेवायची तळी केलेली, आणि त्यात भर म्हणून गावाचा कचरा डेपो. डेपो १९७० च्या दशकात बंद झाला, त्यावर मातीचा थर घालून टेकडी झाली. म्हणजे चांगली शेतजमीन घेतली नाही, जंगल तोडलं नाही, गावानं टाकून दिलेली जागा घेतली. राज्याच्या किनारा संवर्धन संस्थेचे पैसे मिळाले ते जमिनीची दुरुस्ती आणि पक्ष्यांचा अधिवास या नावानं, म्हणजे मैलापाण्याच्या बजेटबाहेरून. १९८१ च्या ४ जुलैला गोड्या पाण्याच्या पहिल्या पाणथळी लोकांसाठी खुल्या झाल्या. आज तो सगळा परिसर ३०७ एकरांचा अभयारण्य-कम-बाग आहे, फिरायचे रस्ते आहेत आणि ३०० च्या वर जातींचे पक्षी तिथं नोंदले गेलेत.

पाणी जातं कसं

आता मुख्य भाग, कारण इथंच गैरसमज जास्त. घराघरातून आलेलं मैलापाणी थेट झाडांत जात नाही. आधी प्लांटच्या तोंडाशी जाळ्या, म्हणजे चिंध्या, प्लास्टिक वगैरे अडकतं. मग वाळू-खडी काढायची टाकी. मग क्लॅरिफायर, जिथं पाणी संथ होतं आणि जड मैला खाली बसतो. तो गाळ डायजेस्टरमध्ये जातो, तिथं हवेशिवाय सडतो, त्यातून मिथेन निघतो आणि तो जाळून डायजेस्टरच गरम ठेवतात. सडून झालेला गाळ वाळवून कंपोस्ट. इथपर्यंत कुठल्याही छोट्या गावाच्या प्लांटसारखं.

त्यानंतर पाणी ऑक्सिडेशन पाँडमध्ये येतं, जुन्या ५५ एकरांपैकी साधारण ४५ एकर आता त्यासाठी आहेत. पाणी इथं अंदाजे महिनाभर असतं. बॅक्टेरिया घाण खातात, शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, त्या ऑक्सिजनवर बॅक्टेरिया जगतात. बीओडीचा, म्हणजे सडताना पाण्यातला ऑक्सिजन खाणाऱ्या घाणीचा, मोठा भाग इथंच उतरतो. यात वीज नाममात्र लागते, सूर्य आणि जागा लागते.

पण ऑक्सिडेशन पाँडचं एक जुनं दुखणं आहे आणि ज्यांनी आपल्याकडे असे तलाव चालवलेत त्यांना ते पाठ असेल. पाँडमधून बाहेर येणारं पाणी हिरवंगार असतं, शेवाळानं. मैल्याची घाण गेली पण शेवाळ स्वतःच तरंगता घनपदार्थ झालं, मग टीएसएस, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या घनपदार्थांचं प्रमाण, वाढतो, ते शेवाळ खाडीत जाऊन मेलं की परत बीओडी. आर्केटाची मर्यादा होती बीओडी आणि टीएसएस दोन्ही ३० मिलीग्रॅम प्रतिलिटर, आणि नुसत्या पाँडनं ती पाळणं जमत नव्हतं.

पाणथळ इथं कामाला येते. पाँडमधल्या पाण्याला पुढं ट्रीटमेंट मार्शमध्ये सोडतात (मार्श म्हणजे पाणथळच), काही एकरांचे वाफे, त्यात दाट वाढलेलं बुलरश, लव्हाळ्याच्या जातकुळीतलं उंच, ताठ गवत, आणि काही ठिकाणी पाणकणीस. झाडं इतकी दाट की पाण्यावर ऊन पोचत नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळ जगत नाही, वारा लागत नाही म्हणजे पाणी ढवळत नाही, आणि मेलेलं शेवाळ संथपणे खाली बसतं. दांड्यांवर बॅक्टेरियांचा बुळबुळीत थर असतो, तो उरलेलं खातो. म्हणजे या टप्प्यावर झाडांचं मुख्य काम सावली देणं, पाणी संथ करणं आणि बॅक्टेरियांना बसायला जागा देणं. झाड मुळांनी घाण शोषून घेतं म्हणून पाणी साफ होतं ही जी आपल्याकडे प्रत्येक पोस्टमध्ये लिहिलेली कल्पना असते ना, ती इथं फार छोटा हिस्सा आहे. झाड नायट्रोजन-फॉस्फरस घेतं, पण हिवाळ्यात वाळून पाण्यात पडलं की बरंचसं परत देतं.

तिथून पाण्याला क्लोरीन देऊन, मग क्लोरीन काढून टाकून, पुढच्या तीन मोठ्या पाणथळींमध्ये सोडायचं. अ‍ॅलन मार्श, गिअरहार्ट मार्श आणि हाउझर मार्श, मिळून साधारण ३१ एकर. लोक फिरायला जातात ते इथं, बदकं उतरतात ती इथं. आधी क्लोरीन यासाठी की लोक या पाण्याच्या जवळ येतात. आणि गंमत बघा, या तीन पाणथळींतून बाहेर पडलेलं पाणी परत प्लांटकडे आणून परत क्लोरीन द्यावं लागायचं, मगच खाडीत, कारण हजारो पक्षी बसले की त्यांच्या विष्ठेतून कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जंतू, परत वाढतात आणि खाली खाडीत कालवं आहेत. पक्षी आले म्हणजे पाणी पिण्यासारखं शुद्ध झालं असा अर्थ कोणी काढत असेल तर त्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

म्हणजे ओळीनं पाहिलं तर जाळी, क्लॅरिफायर, पाँड, मार्श, क्लोरीन, परत मार्श, परत क्लोरीन. पाणथळ हा या साखळीतला एक टप्पा आहे, महत्त्वाचा आहे, पण एक टप्पाच. आर्केटात कोणीही एसटीपी काढून टाकून पाणथळ लावली नाही. असलेला एसटीपी अपुरा पडत होता, तो पुरा करायला काँक्रीट आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारी मशीन) वाढवण्याऐवजी जमीन आणि गवत वाढवलं. ही वाक्यं मी ठळक अक्षरात लिहायला हवीत खरं तर, कारण आपल्याकडे जे प्रस्ताव येतात त्यातल्या अनेकांत कच्चं मैलापाणी थेट वेतासारख्या झाडांच्या वाफ्यात सोडायचं चित्र असतं, आणि मग सहा-आठ महिन्यांत वाफ्यातली खडी गाळानं तुंबते, वर पाणी साचतं, वास सुटतो, आणि लोक म्हणतात की हे तंत्रच फेल आहे.

काय जमत नाही, काय त्रास देतं

अशा उघड्या पाण्याच्या पाणथळी बीओडी आणि टीएसएस छान उतरवतात. अमोनिया तेवढ्या सहज उतरत नाही, कारण अमोनियाचं नायट्रेट व्हायला ऑक्सिजन लागतो आणि दाट झाडीच्या वाफ्यात पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, झाडीनं हवा आणि ऊन अडवलेलं असतं म्हणूनच तर शेवाळ मेलं. त्यासाठी मध्ये मध्ये उघडं, खोल, बिनझाडीचं पाणी ठेवावं लागतं. उलट तयार झालेलं नायट्रेट मात्र अशा बिनऑक्सिजनच्या जागी चांगलं उडून जातं, नायट्रोजन वायू होऊन. फॉस्फरसचं तर मातीला चिकटायचं तेवढं चिकटतं, माती भरली की मग पुढं जातं तसंच. या सगळ्या गोष्टी आज माहितीच्या वाटतात, पण त्या माहितीचा बराचसा पाया आर्केटाच्या नोंदींनी घातला, अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेनं, २००० सालच्या सुमारास पाणथळींसाठी जे तांत्रिक मार्गदर्शन काढलं त्यात गिअरहार्ट आणि त्या विद्यापीठाचा मोठा हात होता.

डासांचा प्रश्न लोक पहिला विचारतात आणि तो बरोबरच आहे. आर्केटात त्यावर उपाय म्हणजे अळ्या खाणारे छोटे मासे, पाण्याची पातळी वरखाली करता येणं, आणि वाळलेल्या गवताचे तरंगते थर साचू न देणं, कारण मासे त्या थराखाली पोचत नाहीत आणि अळ्या तिथंच मजेत राहतात. म्हणजे परत तेच, कोणीतरी रोज बघायला हवं.

आणि देखभालीचा खरा जो भार आहे तो फोटोत दिसत नाही. पाँडच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ साचतो, खोली कमी होते, पाणी पूर्वी जितके दिवस थांबायचं तितके दिवस थांबत नाही. मार्शमध्ये मेलेलं गवत साचून वाटा तयार होतात, पाणी सोपी वाट धरून थेट बाहेर निघून जातं आणि अर्धा वाफा नुसता उभा राहतो. पाणकणीस वाढतं आणि आडवं पडतं. हिवाळ्यात पाऊस झाला की जुन्या ड्रेनेज लाइनच्या फटीतून पावसाचं आणि जमिनीतलं पाणी आत शिरतं, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, त्या दिवसांत कुठल्याही पाणथळीची परीक्षाच असते. १९८० च्या दशकातली व्यवस्था पन्नास वर्षं तशीच चालेल असं कोणी तिथं म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत आर्केटानं मोठं नूतनीकरण हाती घेतलं, क्लोरीनऐवजी यूव्हीनं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारायची व्यवस्था, आणि पाणी मागं-पुढं न नेता एकाच दिशेनं साखळीतून जावं अशी मांडणी. त्याला पैसे भरपूर लागतात, लोकांची ड्रेनेजची बिलं वाढतात, त्यावर गावात चर्चा होते.

त्याहून मोठी काळजी समुद्राची आहे. हम्बोल्ट बेमध्ये एकीकडे समुद्र चढतोय आणि दुसरीकडे जमीन खचतेय, त्यामुळे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची पातळी तुलनेनं सगळ्यात जास्त वेगानं वाढते ती इथं. आणि प्लांट, पाँड, मार्श सगळं बांधाच्या आत, जवळजवळ भरतीच्या उंचीला. स्वस्त जमीन म्हणजे सखल जमीन, ही निवड त्या काळी बरोबरच होती, पण तिची किंमत आता येतेय. मुंबई, ठाणे, रायगडच्या खाडीकाठी कोणी अशा योजनेचा विचार करत असेल तर हा भाग दोनदा वाचावा.

आपल्या गावाला लावून बघितलं तर

मी आर्केटाचा जमिनीचा हिशोब एका एमएलडीवर, म्हणजे रोजच्या दहा लाख लिटरवर, करून बघितला. सरासरी प्रवाह २३ लाख गॅलन रोज धरला, म्हणजे आपल्या भाषेत ८७ लाख लिटर, ८.७ एमएलडी. पाँड आणि सगळ्या पाणथळी मिळून साधारण ८३ एकर. म्हणजे एका एमएलडीला साडेनऊ एकर. आता पाच लाख लोकवस्तीचं आपलं शहर घ्या, माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के मैलापाणी असं नेहमीचं धरलं तर ५४ एमएलडी, म्हणजे पाचशे एकरांच्या वर जमीन. कुठलं शहर देणार? विषय तिथंच संपतो, आणि म्हणून मोठ्या शहरानं हे मुख्य उत्तर म्हणून बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तिथं एसटीपीतून निघालेलं पाणी तलावात सोडायच्या आधी शेवटचा हात फिरवायला पाणथळ वापरता येते, तेवढंच.

पण नगरपंचायतीचा हिशोब वेगळा निघतो. वीस हजार वस्ती, दोन-सव्वादोन एमएलडी, तेवढ्याच मापानं वीस एकर. इथं एक सावधगिरी: आर्केटात माणशी मैलापाणी आपल्या चौपटीच्या वर पडतं, कारण पाणीवापर जास्त आणि पावसाचं पाणी लाइनमध्ये शिरतं. म्हणजे त्यांचं मैलापाणी पातळ, आपलं दाट. लिटरवर हिशोब केला तर आपण स्वतःला फसवू, माणसावर करायला हवा, कारण माणूस रोज जितकी घाण सोडतो ती अमेरिकेत आणि आपल्याकडे फार वेगळी नाही. माणशी बघितलं तर आर्केटात १८-१९ चौरस मीटर येतात, त्यातल्या बागेसारख्या शेवटच्या तीन पाणथळी सोडल्या तर पावणेबारा चौरस मीटर. मग वीस हजार वस्तीला साठ एकरांच्या जवळ. हा आकडा घाबरवणारा वाटतो पण त्याला दुसरी बाजू आहे, तिथं बाराही महिने गारवा असतो, समुद्रावरचं धुकं असतं, बॅक्टेरिया संथ चालतात. मराठवाड्यात किंवा विदर्भात वर्षातले आठ-नऊ महिने पाणी पंचवीस-तीस अंशांचं असतं, तिथं तेच काम कमी दिवसांत आणि कमी जागेत होतं. किती कमी, ते कोणाच्या ब्रोशरवरून ठरवू नये.

दुसरा मुद्दा मर्यादेचा. आर्केटा ३० ला पास होत होतं. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये एसटीपीसाठी बीओडी १० ची अट सांगितली. १० पर्यंत नेता येतं, पण मग पाणथळ मोठी हवी, पाँड नीट साफ ठेवायला हवेत आणि पावसाळ्याचे दिवस वेगळे सांभाळायला हवेत. पाणी शेतीला द्यायचं असेल तर नायट्रोजन-फॉस्फरस काढायची एवढी धडपडच कशाला, तेच पिकाला हवं असतं, तिथं लक्ष जंतूंवर आणि कृमींच्या अंड्यांवर द्यायचं. मला वाटतं आपल्या दुष्काळी भागातल्या छोट्या गावांना ही वाट जास्त शोभते, कारण आर्केटाला खाडीचं भलं सिद्ध करायचं होतं, आपल्याला शेताचं करता येईल.

आणि टेंडर काढायच्या आधी आर्केटानं केलं ते करावं. गावाचंच मैलापाणी, खऱ्या क्लॅरिफायरमधून किंवा निदान सेटलिंग टाकीतून काढलेलं, दोन-तीन छोट्या वाफ्यांत वर्षभर सोडावं, एका वाफ्यात झाडं नसावीत म्हणजे झाडांमुळे किती आणि नुसतं थांबल्यामुळे किती ते कळेल, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना नमुने घ्यायला लावावं, आत आणि बाहेर, बीओडी, टीएसएस, अमोनिया, कोलिफॉर्म. त्यात एक मे महिना आणि एक जुलै महिना आलाच पाहिजे. आणि पहिल्या बैठकीपासून ड्रेनेज खात्याचा तो माणूस खोलीत हवा जो उद्या सकाळी सात वाजता गमबूट घालून त्या वाफ्यात उतरणार आहे, गवत कोण कापणार, गाळ कधी काढणार, काढलेला गाळ कुठं टाकणार आणि त्याचे पैसे कुठल्या हेडखाली पडणार हे त्याच्यासमोर लिहून घ्यावं.